आराखड्यावर तुमचं काय म्हणणं?

शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी विकास आराखड्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, असं गेल्या अंकात लिहिलं आणि संपादकांनी माझ्याकडे पिशवीभर पत्रं पाठवली. निम्म्या पत्रांत प्रश्न कमी, शिव्या जास्त. त्याही वाचल्या. नगररचना खात्यात ३१ वर्षं काढली. रचना सहायक म्हणून लागले, सहायक नगररचनाकार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे शिव्यांचा सराव आहे आणि त्यातल्या काही आमच्या वाट्याच्याच होत्या हेही कबूल आहे.

मॅडम, २०२१ साली पुणे महानगर प्राधिकरणाचा आराखडा आला तेव्हा आमच्या सव्वा एकरावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण दाखवलं होतं. हरकत दिली, दिवस मोडून सुनावणीला गेलो. आता तो आराखडाच रद्द झाला म्हणतात. मग आरक्षण गेलं का? आणि आमच्या हरकतीचं काय झालं?
– एक शेतकरी, ता. मुळशी

तो आराखडा प्रारूप होता, म्हणजे कच्चा. ऑगस्ट २०२१ मध्ये तो लोकांपुढे ठेवला, त्यावर ६० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला. प्रारूपच उरलं नाही, तेव्हा त्यातलं तुमचं मैदानही उरलं नाही.

पण लगेच पेढे वाटू नका. आराखडा गेला म्हणजे जमीन मोकाट सुटली असं होत नाही. त्याच्याखाली जुना थर असतोच. तुमच्या भागाला १९९७ मध्ये मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजना आहे आणि तिच्यातले रस्ते आणि झोन अजून बोलतात. तुमच्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्या. दोन्ही कागद मागायचे, कारण दाखल्यावर 'शेती विभाग' एवढेच दोन शब्द असतात आणि रस्त्याची रेघ मात्र भाग नकाशावर दिसते. मुळशीतल्या एका ओळखीच्या माणसाने नुसता दाखला बघून जमीन घेतली. आता त्यांच्या गोठ्यातून प्रादेशिक योजनेचा रस्ता जातो.

हरकतीचं विचाराल तर ती त्या आराखड्याबरोबर संपली. नवीन प्रारूप आलं की नवीन हरकत द्यावी लागेल. 'मागेच दिली होती, तीच धरा' असं कोणी धरत नाही. तरीही जुनी पोच, सुनावणीची नोटीस आणि तेव्हा जोडलेले कागद एका फाइलीत नीट ठेवा. पुढच्या वेळी पहिलं वाक्य 'या गटाबाबत २०२१ मध्येही हरकत नोंदवली होती, प्रत सोबत' असं लिहिता येईल. हरकती ऐकणाऱ्या समितीत बसलेल्या माणसाला अशा वाक्याने जरा सावरून बसावं लागतं.

एक मात्र मला तुम्हाला विचारायचंय. मैदान तुमच्या सव्वा एकरावर नको, हे समजलं. मग तुमच्या गावात ते कुठे हवं? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या उत्तरात याच्यावरच बोलणार आहे, ते वाचा.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हरकतीचा एक छापील नमुना फिरतोय. नाव लिहायचं, सही करायची आणि नेऊन द्यायचा. सगळे देताहेत म्हणून मीही देऊ का? का स्वतः काही लिहावं? आम्ही फ्लॅटवाले, आमची जमीन नाही.
– एक गृहिणी, मोशी

तुमच्या त्या नमुन्याचं पुढे काय होतं ते आधी सांगते, मग ठरवा.

हरकतींची मुदत संपली की कार्यालयात एक लांबलचक तक्ता बनतो. त्याला आम्ही गोषवारा म्हणायचो. अनुक्रमांक, नाव, गट किंवा सर्व्हे नंबर, हरकतीचा मजकूर, कार्यालयाचा अभिप्राय, समितीची शिफारस. मजकुराच्या रकान्यात दोन ओळी मावतात. एकसारख्या १,२०० हरकती आल्या, तर १,२०० नावांपैकी पहिल्यासमोर मजकूर आणि खाली सगळ्यांसमोर '– वरीलप्रमाणे –'. अभिप्रायही एकच. मी स्वतः 'वरीलप्रमाणे' इतक्या वेळा लिहिलंय की निवृत्तीनंतर वाण्याच्या यादीतही तेच लिहीत होते. संख्येचा उपयोग नसतो असं नाही, पेपरात आकडा येतो, पुढारी जागे होतात. पण रेघ हलते ती वेगळ्या लिहिलेल्या हरकतीने.

अशी हरकत कशी असते? मोठी नसते. एक पान पुरतं. नकाशाचा भाग क्रमांक, गट नंबर, आरक्षणाचा क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, हे आधी. मग जागेवर प्रत्यक्ष काय आहे, ते. त्याचा एक कागद. आणि शेवटी काय करावं, ते. चौथी गोष्ट लोक विसरतात. 'हा रस्ता अन्यायकारक आहे' असं लिहिलं तर अभिप्राय येतो, 'रस्ता आवश्यक असल्याने हरकत मान्य करू नये.' 'हा १८ मीटरचा रस्ता गट अमुकच्या उत्तर बांधावरच्या जुन्या पाणंदीवरून नेल्यास तितकाच सरळ जातो आणि चार घरं वाचतात' असं लिहिलं, तर त्या माणसाला निदान पट्टी हातात घ्यावी लागते.

पट्टीवरून माझंच एक सांगते. नोकरीला लागून दुसरं वर्ष. एका छोट्या नगरपालिकेच्या हद्दवाढीचा आराखडा होता. तेव्हा संगणक नव्हते, ट्रेसिंग क्लॉथवर शाईच्या पेनने रेघा आणि चुकलं की ब्लेडने खरवडायचं. वाढीव हद्दीचे नकाशे १:५००० ला, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच मीटर. विहीर म्हणजे एक ठिपका. मूळ नकाशाच्या प्रतीत तो ठिपका उमटलाच नव्हता, आणि मी त्यावरून १८ मीटर रुंद रस्ता सरळ ओढून मोकळी झाले. साडेतीन मिलिमीटरची सुरेख दुहेरी रेघ. साहेबांनी कौतुकही केलं.

सुनावणीला एक बाई आल्या. साठीच्या असतील. वकील नाही, अर्ज नातीने वहीच्या पानावर लिहिलेला. त्यांनी पदराच्या गाठीतून शेतीपंपाची तीन वर्षांची लाइट बिलं काढली आणि टेबलावर मांडली. म्हणाल्या, 'बाई, तुमच्या रस्त्यात माझी मोटर चालते. बिल भरते मी. रस्ता भरंल का?' समितीतले सगळे हसले. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी जीपने जागेवर गेलो तर चांगली बांधीव विहीर, पायऱ्यांची. रस्ता वाकवला. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर मांडलेल्या पुराव्यांत त्या बिलांइतका सरळ पुरावा मी दुसरा पाहिला नाही.

चूक कुठे होती ते बघा. रस्त्याचा नकाशा आम्ही नंतर काढला, त्याआधी 'विद्यमान जमीन वापर' दाखवणारा नकाशा होतो. त्यात विहीर नाही म्हणून पुढे रस्ता. हरकत घेणारे सगळे दुसरा नकाशा बघतात, रंग बघतात, पिवळं (रहिवासी) झालं की हिरवं (शेती) राहिलं ते बघतात. पहिला नकाशा कोणी मागत नाही. तो मागा. तुमची शाळा, मंदिर, स्मशान, पाण्याची टाकी त्यात आहे का ते तपासा. पायाच वाकडा असेल, तर भिंतीबद्दल भांडून काय होणार?

आता तुमच्या 'आमची जमीन नाही' या वाक्याकडे येते. हेच वाक्य वाचून मी तुमचं पत्र वर काढलं. कायदा म्हणतो 'कोणतीही व्यक्ती'. जमीन असावी लागत नाही. आणि खरं सांगायचं तर मला तुमच्यासारख्यांचीच हरकत हवी, किंबहुना सूचना हवी. ज्याची जमीन जाणार तो लिहितो. लिहिणारच, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण त्या जागेवर होणाऱ्या शाळेत ज्याची पोरं जाणार, तो लिहीत नाही. गोषवारा वाचत गेलं की पानामागून पान एकच मागणी: आरक्षण वगळा, आरक्षण वगळा. 'हे मैदान ठेवा, आमच्या १४ इमारतींना दुसरी मोकळी जागा नाही' असं लिहिणारा हजारांत एखादा. मग समितीपुढे काय चित्र उभं राहतं? ते मैदान कोणालाच नकोय. ते वगळलं जातं, आणि दहा वर्षांनी त्याच भागातले लोक 'प्लॅनिंगच नाही हो' म्हणून आम्हाला बोल लावतात.

नव्या वस्तीत तर हे आणखी बिकट, कारण जो तिथे राहणार आहे तो अजून आलेलाच नसतो. त्याच्या वतीने सही कोण करणार? तुम्ही आलात पाच-सहा वर्षांपूर्वी, तुम्हाला आठवत असेल की रिक्षा कुठपर्यंत यायची, पोराला शाळेत सोडायला किती वाजता निघावं लागायचं, टँकर आठवड्यातून किती. ते लिहा. तुमच्या इमारतीपासून जवळचं आरक्षित मैदान, बाजार, दवाखाना नकाशात शोधा, क्रमांक लिहा आणि 'हे कायम ठेवावं' असं लिहा. मुदत तेवढी सांभाळा: बहुधा ३० दिवस, मोठ्या महापालिकांना ६०, आणि ती राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला ग्रुपवर कळलं त्या दिवसापासून नाही.

तो छापील नमुनाही द्यायचा असेल तर द्या, काही बिघडत नाही. फक्त त्यातला मजकूर वाचून बघा. एका ठिकाणी असाच नमुना सहाशे लोकांनी सह्या करून दिला होता आणि त्यात सोसायटीसमोरच्या बागेचंच आरक्षण वगळा अशी मागणी होती. नमुना कोणी बनवला असेल ते तुम्हीच ओळखा.

आमच्या शेताच्या कडेने ओढा आहे. पावसाळ्यात दोन्ही काठ बुडतात. नव्या नकाशात त्या ओढ्याच्या जागी नुसता पिवळा रंग आहे. बिल्डर म्हणतो, हा ओढा नाही, पावसाचं पाणी जाण्याची चारी आहे. काय करावं?
– एक वाचक, ता. हवेली

हातातलं काम ठेवा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन गावनकाशाची नक्कल मागा. जुन्या गावनकाशावर ओढा असेल तर त्याला बहुधा स्वतःची जागा असते, तो कोणाच्या गटात मोडत नाही. तेवढी एक नक्कल बिल्डरच्या चारीला पुरून उरते. गटवारीत, म्हणजे एकत्रीकरणाच्या वेळी, नंबर बदलले असतील तर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ घालणारा उतारा सोबत घ्या.

मग पाटबंधारे विभागाकडे पूररेषेचं विचारा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. मोठ्या नद्यांना या रेषा आखलेल्या असतात, ओढ्यांना पुष्कळदा नसतात. म्हणून तुमची साक्ष लागते. मागच्या चार पावसाळ्यांतले फोटो, त्यात ओळखू येईल असा विजेचा खांब किंवा विहिरीचा कठडा, आणि पाणी कुठवर चढलं त्याची खूण.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. माणसं गेली, भिंती गेल्या, गाड्या खेळण्यासारख्या वाहिल्या. त्या ओढ्याला नकाशावर नाव होतं तरी ही गत झाली. तुमच्या ओढ्याला तर रंगही नाही. हरकत एकट्याने देऊ नका. वरच्या आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना घ्या, प्रत्येकाने आपापल्या गटाचं लिहावं. पाणी एकाच्या बांधावर थांबत नाही.

पनवेल तालुक्यात नैनाच्या (नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या) नगररचना परियोजनेत आमची ४० गुंठे जमीन आहे. म्हणे १६ गुंठेच परत मिळणार. गावातले म्हणतात सही देऊ नका. माझे भाऊ म्हणतात देऊन टाक. मी काय करू?
– तीन भावांची एक बहीण

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. दुसरा तुम्ही विचारलेला नाही, पण तो जास्त महत्त्वाचा आहे. आधी पहिला.

नगररचना परियोजना, लोक टीपी म्हणतात ती, भूसंपादन नव्हे. जमीन घेऊन पैसे देऊन मोकळं होणं नाही. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या तुकड्यांची एक मोट बांधायची, त्यातून रस्ते, शाळा, बागा काढायच्या आणि उरलेल्यातून प्रत्येकाला चौकोनी, रस्त्याला लागलेला तुकडा परत द्यायचा. मूळ भूखंड जातो, अंतिम भूखंड येतो. हे नवं खूळ नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा आहे. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या भागांत आज कोटींची घरं आहेत, त्यांच्या कागदांवर टीपीएस क्रमांक आहे. पुण्यात एरंडवणे, शिवाजीनगरच्या मिळकतींवरही 'अंतिम भूखंड क्रमांक' असतो. तिथेही कोणाची तरी वांग्याची शेतं होती.

नैनाची नियोजनाची जबाबदारी २०१३ पासून सिडकोकडे आहे आणि तिथे १०० मधले ४० मालकाला परत हे सूत्र आहे. बदल्यात चटईक्षेत्र, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं ते, त्या ४० वर अडीच. म्हणजे कागदावर तुमचं बांधकाम मूळच्या ४० गुंठ्यांइतकंच. कागदावर म्हणते, कारण ज्याला बांधायचं नाही, भात लावायचाय, त्याला अडीच काय नि पाच काय. तिथल्या गावांचा विरोध मला अडाणीपणा वाटत नाही. ६० टक्के सोडणं हा मोठा घास आहे आणि रस्ते कधी होणार, पाणी कधी येणार, याचं उत्तर मागायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

पण सही दिली नाही म्हणजे परियोजना थांबते, हा समज चुकीचा आहे. कायद्यात एकेका मालकाची संमती ही अट नाही. मालकांची सभा होते, मसुदा प्रसिद्ध होतो, ३० दिवसांत हरकत देता येते, मग मसुदा मंजूर झाल्यावर लवाद नेमतात आणि तो प्रत्येक मालकाला बोलावून ऐकतो. सभेला गेला नाहीत, हरकत दिली नाहीत, लवादापुढे उभ्या राहिला नाहीत, तर तुमच्या गैरहजेरीत तुमचा भूखंड ठरतो. विरोध करायचा असेल तरी आत जाऊन करा. अंतिम भूखंड मूळ जागेपासून किती लांब दिलाय, घर, विहीर, आंब्याची झाडं मोजली का, मूळ भूखंडाची किंमत कमी आणि अंतिम भूखंडाची जास्त धरून सुधारणा आकार, म्हणजे वाढलेल्या किमतीपोटी मालकाकडून घ्यायची रक्कम, किती लावलाय, हे तीन बघा. शेवटचा आकडा लोक बघतच नाहीत आणि नंतर नोटीस आली की डोळे पांढरे होतात.

आता न विचारलेला प्रश्न. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? वडिलांच्या वारस नोंदीत तिन्ही भाऊ आहेत, आणि तुम्ही? पत्रात 'आमची' लिहिलंय, पण सही मात्र भाऊ 'देऊन टाक' म्हणून मागताहेत. लवाद सातबाऱ्यावरच्या नावांना नोटीस पाठवतो. ज्या बहिणीचं नाव नाही तिला बोलावणं येत नाही आणि अंतिम भूखंडाच्या तक्त्यात तिचा रकानाच नसतो. माझ्या नोकरीत लवादाच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसलेल्या अशा किती बहिणी पाहिल्या. आत भावांचं चाललेलं असायचं आणि त्या पिशवीत डबा घेऊन बाहेर. तलाठ्याकडे आजच सातबारा आणि फेरफार काढा. नाव असेल तर छान. नसेल तर वारस नोंदीसाठी अर्ज करा आणि त्या अर्जाची प्रत लवादाला किंवा नियोजन प्राधिकरणाला हरकतीसोबत द्या. भावांशी भांडून करा असं म्हणत नाही. सांगून करा.

सही द्यायची का, ते त्यानंतर.

माझं वय ७४. जमीन नाही, घर मुलाच्या नावावर. आमच्या भागाचा आराखडा लागलाय. ज्येष्ठांना बसायला जागा नाही, फूटपाथ नाही, यावर मी सूचना देऊ शकतो का? का ते जमिनीवाल्यांचंच काम?
– एक आजोबा, वाघोली

देऊ शकता. वर मोशीच्या ताईंना लिहिलं ते तुम्हालाही लागू आहे. तुम्हाला तर रिकामा वेळ आहे आणि तुम्ही पायी चालता, म्हणजे रस्ता कुठे अरुंद होतो ते आमच्या कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा तुम्हाला नीट ठाऊक. एक दिवस काठी घेऊन घरापासून भाजीबाजारापर्यंत जा, कुठे रस्त्यावर उतरावं लागलं ते वहीत लिहा, दुकानाच्या पाटीसकट. तीच तुमची सूचना. नकाशातल्या रस्त्याची रुंदी त्याच्यासमोर लिहा.

सुनावणीची नोटीस येईल तेव्हा मुलाला सांगा रजा टाकायला, जिने असतात. आत पाच मिनिटांहून जास्त मिळत नाहीत, म्हणून आधी गट किंवा रस्ता सांगा, मग मागणी. प्रकृतीचं शेवटी.

आणि अर्जात 'जमीनधारकाचे नाव' असा रकाना असेल तर त्यावर रेघ मारा, वर 'रहिवासी' लिहा. दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.